जेठीची पहिली भाकरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, प्रार्थनेतही नाही — तिथे तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही जेठीला ओळखत नाही.

पहिलं महायुद्ध संपून दोनेक वर्षं झाली होती. खांडबाऱ्याजवळच्या एका मिशनमध्ये मी दुभाष्या होतो. शिवाय धुळ्याच्या एका साप्ताहिकाला बातम्या पाठवायचो. माझ्या बातमीत खोटा शब्द सापडत नाही, अशी माझी ख्याती होती.

जेठी मावची जमातीची, विधवा. अक्षरओळख नाही. नवरा बाप्तिस्मा घेऊन वारला, ख्रिस्ती कबरस्तानात पुरला. तिला बाप्तिस्मा हवा होता आणि मेल्यावर त्याच्या शेजारची जागा. एवढंच.

तिच्या लोकांत नवं धान्य आधी देवाला ठेवतात, मग माणसं खातात. जेठीनं ती रीत सोडली नाही — वळवली. रोजची पहिली भाकरी येशूच्या नावानं बाजूला काढायची आणि दारावरून जो पहिला जाईल त्याला द्यायची. विहिरीवरच्या बायका चिडवायच्या, "काय वं जेठी, तुन्हा देवले रोज भूक लागस का?"

"तुले नही लागस का?" ती म्हणायची. "काल तो लंगडा व्हता. दोन खाई गया."

आणि मी? बारा वर्षं बायबल वाचत होतो. अध्यायच्या अध्याय पाठ. मला येशू एकदाही भेटला नव्हता. हिला रोज, चुलीपाशी? का म्हणून? हे मला सहन होत नव्हतं.

बाप्तिस्म्याआधी परीक्षा असे. पाद्रीबाबा नगरकडचे. त्यांच्यापुढे जेठी घाबरली आणि घरच्या बोलीवर गेली. ती त्यांना कळेना. देव तुला कुठे भेटतो, त्यांनी विचारलं. तिनं सगळं सांगितलं. मी मराठीत एवढंच सांगितलं — ती रोज पहिली भाकरी देवासाठी बाजूला ठेवते. दारावरच्या माणसाचं मी गाळलं. एकही शब्द खोटा नव्हता.

"जुन्या देवाचा नैवेद्य?" पाद्रीबाबांनी विचारलं.

मी मान खाली घातली. हो म्हणालो नाही — हो म्हणणं खोटं झालं असतं, नाही का? त्यांनी तिचं नाव खोडलं. त्या सकाळी तिच्या दारावरून पहिला मीच गेलो होतो; ती भाकरी मीच खाल्ली होती. अजून पोटात होती.

बाहेर तिनं विचारलं, "काय म्हननात बाबा, भाऊ?"

तुझं मन अजून साफ नाही म्हणाले, मी सांगितलं. हे मात्र पूर्ण खोटं. ती विचारात पडली. "खरं शे," म्हणाली. विहिरीवर एकदा ती कुणाला तरी रागानं बोलली होती, ते तिला आठवलं. मग तिच्यासाठी बोललो म्हणून माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.

पावसाळ्यात ती तापानं गेली. पाद्रीबाबांनी मला बोलावलं. नवऱ्याशेजारी पुरायचं का तिला? तिच्याबद्दल काही सांगण्यासारखं आहे का? एक वाक्य पुरलं असतं. नाही, मी म्हणालो.

तिला कुंपणाबाहेर पुरलं. नवऱ्याची कबर तिथून सतरा पावलांवर होती. मी चालून मोजली. खड्डा बुजवेपर्यंत उभा राहिलो. आणि मला — हेच सांगायचं होतं — हायसं वाटलं.