शेवटच्या चार ओळींची जागा

नगरपरिषदेत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. सगळ्यांचे ते ठरावकाका. साहेब आले नि गेले, चार अध्यक्ष होऊन गेले, पण सभा भरली की व्यासपीठाखालच्या डगमगत्या टेबलाशी, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारून, ठरावकाका बसलेले असायचेच. कोण काय बोललं, कोण रुसून उठून गेलं, कोणी कोणाला ‘बघून घेतो’ म्हटलं, सगळं कान देऊन ऐकायचं आणि लिहायचं एवढंच, की सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर. तेवीस वर्षं हीच नोकरी. आता निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

त्या महिन्याची सभा तशी नेहमीसारखीच झाली. भटक्या कुत्र्यांवर पाऊण तास. पाण्याच्या टाकीला निळा रंग द्यायचा की पांढरा, यावर त्याहून जास्त. टाकीत पाणी किती येतं हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. बागेतल्या तुटक्या बाकांचा विषय आला तोवर निम्मे सदस्य चहाला निघून गेले होते, आणि तोही सर्वानुमते मंजूर झाला.

आता इथली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण सगळं घोडं तिथंच अडलंय. सभेचं रजिस्टर बांधीव होतं, पानापानावर छापील आकडे. पान फाडता येत नाही, मध्ये घुसवता येत नाही. नियम करणाऱ्यानं डोकं चांगलं लढवलं होतं. पण नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तेव्हाचे हेडक्लार्क ठरावकाकांना म्हणाले होते, “शेवटच्या ठरावाखाली चार ओळी कोऱ्या सोड आणि त्याच्याखाली अध्यक्षांची सही घे. जाता जाता कोणी काही सुचवतं, ते राहून जायला नको.” बास. एवढीच ती युक्ती. सुरुवातीला त्या चार ओळींत खरंच बारीकसारीक गोष्टी यायच्या. कोपऱ्यावरच्या खांबाला दिवा, शाळेपुढं गतिरोधक. कुणाचं काही बिघडलं नाही. मग हळूहळू सभेत ज्या विषयाचा शब्दही निघाला नाही असे ठराव त्या चार ओळींत येऊन बसायला लागले. ठरावकाकांना कळत नव्हतं असं नाही. पण पहिल्या दिवशी विचारलं नाही, मग दहाव्या वर्षी कुठल्या तोंडानं विचारणार?

सभेच्या दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाईंनी त्यांना आत बोलावलं. बाई गोड बोलायच्या. आधी गुडघा कसा आहे ते विचारलं, खुर्ची पुढं केली, आणि मग एक चिठ्ठी सरकवली. ‘भूखंड क्रमांक चौदा येथील जीर्ण बांधकामे हटवून तेथे वाहनतळ करण्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात येत आहे. ताबा तीस दिवसांत घ्यावा.’ मजकूर पाच ओळींचा, जागा चार ओळींची. ठरावकाकांनी अक्षर जरा बारीक केलं आणि बसवून टाकलं. चौदा नंबरचा भूखंड म्हणजे गावातला कुठला, हे त्यांनी विचारलं नाही. भूखंडांच्या आकड्यांमध्येच जन्म गेलेला माणूस, त्याला आकड्यामागं माणसं दिसायची बंद होतात.

शनिवारी ते सवयीप्रमाणं बहिणीच्या टपरीवर गेले. बस थांब्यामागं बारा टपऱ्यांची रांग होती, त्यातली तिसरी ताईची. छत्र्या, पिशव्या, दप्तरं दुरुस्त करायची. कुठल्याही चेनला नवा रनर बसवून द्यायची. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं टपरी चालवली होती, आणि सगळं गाव तिला चेनवाली ताई म्हणायचं. जिभेची तिखट. हँडल तुटलेली पिशवी कोणी आणली की आधी विचारायची, “ह्यात काय दगड भरले होते?” आणि मग इतकी मजबूत शिवून द्यायची की खरोखर दगड भरावेत.

त्या दिवशी टपऱ्यांपुढं गर्दी होती. प्रत्येक शटरवर एक नोटीस डकवलेली. ठरावकाकांनी चष्मा लावला आणि पहिलीच ओळ वाचली. ‘जीर्ण बांधकामे हटवून...’ स्वतःचंच वाक्य होतं ते.

“खोटं आहे हे!” शेजारचा कुलूपवाला ओरडत होता. “नळाच्या अर्जासाठी मी त्या दिवशी मागच्या बाकावर शेवटपर्यंत बसलो होतो. असा विषय निघालाच नाही!”

“अरे, घसा कशाला फोडतोस?” ताई आतून म्हणाली. हातातलं दप्तर तिनं खाली ठेवलंसुद्धा नव्हतं. “ते रजिस्टर माझा भाऊ लिहितो. पाटीवर अक्षर मी गिरवून घेतलंय त्याचं. झालं नसेल ते तो लिहायचा नाही. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचतात ना? मोठ्यानं वाचायला लावा. त्याच्या हातानं हे लिहिलेलं निघालं, तर सगळ्यांच्या आधी मी शटर ओढीन. मग कोर्ट नको नि कचेरी नको.”

सगळ्यांना ते पटलं. ताईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मग तिचं लक्ष भावाकडं गेलं. “आलास? सांग रे ह्यांना.”

“रजिस्टर बघावं लागेल,” ठरावकाका म्हणाले. तेवीस वर्षं काउंटरवर लोकांना हेच सांगत आले होते. बहिणीला पहिल्यांदाच सांगितलं.

सोमवारी सकाळी ते अध्यक्षबाईंच्या दारात उभे. “बाई, ती चौदा नंबरची जागा... माझ्या बहिणीची टपरी आहे तिथं.”

“अरेरे,” बाई म्हणाल्या, आणि खरंच त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. “मग करू या की रद्द. तुम्ही फक्त लिहून द्या, की हा ठराव सभेत झाला नव्हता, मागाहून लिहिला. पण काका, मग लोक विचारतील, बाकीचे कुठले कुठले मागाहून लिहिलेत? चौकशी लागेल. मी अध्यक्ष होऊन दोनच वर्षं झाली. अक्षर मात्र तेवीस वर्षांचं तुमचं आहे.” मग त्यांनी चहा मागवला. ठरावकाकांनी तो घेतलासुद्धा. नको म्हणायची सवयच कुठं होती?

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडता निवडता थांबली. “अहो, मग खरं सांगून टाका.”

“सांगितलं तर मी आत. नाही सांगितलं तर ताई रस्त्यावर.”

“मग आता हो?”

इकडे आड, तिकडे विहीर, आणि आडाचा काठ त्यांनी स्वतःच्या हातानं दर सभेला चार ओळी खणून ढिला केलेला. महिनाभर ते नीट जेवले नाहीत. ऑफिसात कोणी नुसतं “काका” म्हटलं तरी दचकायचे. ताईच्या टपरीवर शनिवारी गेले नाहीत. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. ताईनं गुडघ्याला बांधायला पट्टा शिवून पाठवला.

सभेचा दिवस आला. मागच्या बाकांवर टपरीवाले दाटीवाटीनं बसले होते, ताई पहिल्या बाकावर. पहिला विषय, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. अध्यक्षबाई सवयीनं “वाचलं असं समजू या” म्हणाल्या, तेवढ्यात कुलूपवाला उठला. “समजू या नाही. वाचा!”

ठरावकाका वाचायला लागले. कुत्री झाली, टाकी झाली, बाकं झाली. खाली चार ओळी राहिल्या. गाळल्या तर? पण गाळल्या तरी त्या पानावर राहणारच होत्या, आणि पान उद्याही तिथंच असणार होतं. त्यांनी वाचल्या. आपला आवाज आपल्यालाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

“खोटं! साफ खोटं!” कुलूपवाला.

“काका,” अध्यक्षबाईंनी शांतपणे विचारलं, “हा ठराव झाला होता का?”

“नोंद आहे,” ठरावकाका म्हणाले.

“बघायचं असेल त्यांनी रजिस्टर बघावं,” बाई म्हणाल्या. कुलूपवाल्यानं ते उचललं आणि थेट ताईच्या मांडीवर आणून ठेवलं. “ताई, तुम्हीच सांगा. तुमचा शब्द आम्ही मानू.”

ताईनं चष्मा पुसला. बोट ठेवून एक एक ओळ वाचली. पान मागं उलटलं, पुन्हा पुढं आणलं. शेवटच्या चार ओळींवर तिचं बोट बराच वेळ थांबलं. ठरावकाकांना वाटलं, बोल ताई, तूच बोल आणि सोडव एकदाचं. मग ताईनं रजिस्टर मिटलं.

“अक्षर माझ्या भावाचंच आहे,” ती म्हणाली, आणि उठून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी बारा शटरांपैकी तिसरं सगळ्यांत आधी खाली आलं. तिनं शब्द पाळला म्हटल्यावर बाकीच्यांनाही भांडायला तोंड राहिलं नाही. कुलूपवाला तेवढा तिच्याशी बोलेनासा झाला. तिच्या एका खोलीच्या घरात शिलाईमशीन मावेना, म्हणून ते ठरावकाकांच्या पुढच्या खोलीत खिडकीशी आलं, आणि त्यापाठोपाठ रोज सकाळी डबा घेऊन ताई यायला लागली. संध्याकाळी ठरावकाका जिना चढायचे तेव्हा मशीनचा आवाज पहिल्या पायरीपासून ऐकू यायचा. काही दिवस ते पायरीवरच बसून राहायचे, आवाज थांबेपर्यंत. तो थांबायचा नाही.

पुढच्या सभेला त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं. शेवटचा ठराव लिहिला, फूटपट्टी घेतली, कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारायला पेन टेकवलं. तेवढ्यात अध्यक्षबाई आल्या. “गुडघा कसा आहे, काका?” म्हणाल्या, रजिस्टर आपल्याकडं फिरवलं, आणि चार ओळी सोडून खाली सही करून गेल्या. फूटपट्टी ठरावकाकांच्या हातातच राहिली.

त्या संध्याकाळी ते घरी आले तेव्हा ताई एका दप्तराची चेन उसवत होती. मान वर न करता म्हणाली, “लहानपणी पाटीवर जागा संपत आली की तू अक्षर बारीक करायचास. आठवतं?”

ठरावकाका दारातच उभे राहिले.

“त्या चार ओळी तशाच होत्या.”

“मग तू... तू बोलली का नाहीस, ताई?”

“बोलून काय केलं असतं? टपरी गेली, मशीन राहिलं. तुला नेलं असतं तर मला कोण राहिलं असतं?” तिनं दातानं दोरा तोडला. डोळे भरले होते, पण आवाज तिखटच होता. “बारा महिने राहिलेत तुझे. नीट काढ. आज सभा होती ना?”

“होती.”

“जागा सोडलीस?”

आत बायको हातातलं काम टाकून ऐकत उभी होती.

“नाही, ताई,” ठरावकाका म्हणाले.

“तू म्हणतोस म्हणजे नसशीलच,” ताई म्हणाली, आणि तिनं पुढची पिशवी उचलली.