मेणात आहे तोवर

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण तिच्या नवऱ्याने दात कोरूनच संसार चालवला. घराच्या मागच्या खोलीत तो कवळ्या बनवायचा. दवाखान्यांतून जबड्यांची मापं यायची. तो त्यांत प्लास्टर ओतायचा, पट्टीवर लावून येणारे तयार दात मेणात एकेक करून बसवायचा आणि तयार कवळी डबीत घालून परत पाठवायचा. ती ज्यांच्या तोंडात जायची, ती माणसं त्याने कधी पाहिलीही नव्हती. गल्लीत त्याला सगळे 'सेटवाले' म्हणत.

त्याच्या जिभेवर 'सेट' हा एकच इंग्रजी शब्द होता. प्लास्टर घट्ट झालं की ते सेट झालं. मेणात दात लावले की दात सेट केले. वरची-खालची मिळून अख्खा सेट. इथवर ठीक, धंद्याचाच शब्द. पण लेक लग्न होऊन परगावी गेली, आईच्या डोळ्यांचं पाणी खळेना, आणि हा म्हणाला, पोरगी सेट झाली. सासूबाई गेल्या तेव्हा भेटायला येणाऱ्यांना हाच धीर देत होता, की महिन्याभरात सगळं सेट होईल. भांडण झालं की अबोला तिनेच धरायचा आणि तिनेच सोडायचा. मग तो खोलीतून डोकं बाहेर काढून विचारायचा, "सेट?"

तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हाही तेच. तिने दाताच्या कण्या केल्या, पण उत्तर ठरलेलं: मिठाच्या गुळण्या कर, होईल सेट. शेवटी एकेक करत सगळे दात काढावे लागले. शेजारीण म्हणाली, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा." तिलाही हसू आलं. पण हसताना हात तोंडावर गेला.

हात तसा आधीपासूनच जायचा. तिचा वरचा, डावीकडचा एक दात तिरका होता, शेजारच्यावर किंचित चढलेला. फोटो काढताना ती तोंड मिटूनच हसायची. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत ती मागच्या खोलीत चहा द्यायला गेली होती. त्याने तिची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "असा दात माझ्याकडे एकाही पट्टीत नाही." बस्स, एवढंच. त्या एका वाक्यावर तिने पुढचा सगळा संसार रेटला.

आता तिचं माप आलं, तेही इतरांच्या मापांबरोबर, एकाच खोक्यातून. मेणात दात लावून झाल्यावर त्याने तिला हाक मारली.

"घालून बघ. काही हलवायचं असेल तर आत्ताच, मेणात आहे तोवर. एकदा शिजवून पक्की केली की मग हलत नाही."

तिने आरसा घेतला. पांढरे, सरळ, एका ओळीत उभे राहिलेले दात. बँकेत, दवाखान्यात, कुठेही समोर बसलेल्या बाईच्या तोंडात असतात तसे. खोट काढायला जागा नव्हती.

"अहो, काही राहिलंय का, बघा."

त्याने वरच्या-खालच्या दातांमध्ये कागद धरून तिला चावायला लावलं. चावा बरोबर होता.

"चाव्याचं नाही म्हणत मी."

त्याने कागद बाजूला ठेवला. मग त्याला आठवलं. "तो तिरका दात होय? तुला आवडायचा नाही, म्हणून मुद्दामच सरळ लावला. हवा असेल तर करतो, वेळ लागत नाही."

त्याला आठवण होती तर. तिने घाईघाईने कवळी काढून त्याच्या हातात दिली. त्याने सुरी दिव्यावर तापवली, मेणाजवळ नेली आणि हात तसाच अधांतरी राहिला. त्याने प्लास्टरच्या जबड्याकडे पाहिलं. तिथे नुसत्या हिरड्या. तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथेही त्याच. मग भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे पाहिलं. फोटोत तिचं तोंड मिटलेलं.

"उजवीकडचा ना गं?"

सुरी निवत चालली होती. तिने नुसतं डावीकडे बोट दाखवलं असतं तरी काम झालं असतं. पण बोट दाखवून बसवलेल्या दातात मग त्याचं असं काय उरणार होतं?

"राहू द्या," ती म्हणाली. "सरळच बरे."

त्याला हायसं वाटलं. त्याने दिवा विझवला आणि कवळी पक्की करायला घेतली. ती दारापर्यंत पोचली तेव्हा त्याने मान न वळवताच विचारलं, "मग, सेट?"

ती तोंड मिटून हसली, फोटोत हसायची तशी. त्याने पाहिलं नाही.