ओठांवरचे ठिपके

माझी बायको दुकानांच्या पाट्या रंगवते आणि मी शिडी धरतो. आमच्या संसाराचं एवढंच गुपित. ब्रशला टोक आणायचं तर तो ओठांत धरून ओढायचा, ही माझ्या सासऱ्यांची शिकवण. बाप-लेक दोघांच्याही ओठांवर काळपट ठिपके. "साबणानं जात नाहीत, हीच आमची पदवी," असं ती मिरवायची. आमच्या मुलीच्या ओठांवर तिसऱ्या वर्षी तसेच ठिपके उमटले, तेव्हा कला रक्तातच उतरली म्हणून मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. आठवलं की अजून कान तापतात.

बायको मात्र कायम पांढरीफटक. चार पायऱ्या चढली की धाप. लोहाच्या गोळ्यांनी रक्त वाढायचं आणि पुन्हा उतरायचं. "भांडंच गळकं दिसतंय," मी चेष्टा करायचो.

यंदा भोवळ येऊन ती शिडीवरून थेट माझ्या अंगावर आली. मग नव्या डॉक्टरीणबाई गाठल्या. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि तिच्या ओठांकडे पाहत राहिल्या.

"हे काय?"

"रंग आहे. ब्रशचा."

"पुसा बरं."

बायको हसली. "लहानपणापासून निघाला नाही, आता काय निघतोय!"

"मग तो रंग नाही. आई-वडिलांपैकी कुणाला होते असे ठिपके?"

"वडिलांना. ते आतड्याला पीळ पडून गेले."

बाईंनी समजावलं. आतड्यात मांसाचे कोंब येतात, त्यांना पॉलिप म्हणतात. काही घराण्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात, ओठांवर ठिपके घेऊन. त्यांतून नकळत रक्त झिरपत राहतं. मी थक्क होऊन बायकोकडे बघत होतो. असं गळतं अंग घेऊन हिनं अर्धं गाव रंगवलं आणि एक रेघ वाकडी नाही!

तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "अहो, पोरीनं तर अजून ब्रश तोंडात धरलेलाच नाही."

बायकोच्या मोठ्या आतड्यातून सात कोंब निघाले. आठ वर्षांच्या मुलीचा एकच, वाटाण्याएवढा, अजून रक्त न गळणारा. आता दोघींची तपासणी जन्मभर चालायची.

परवा मुलगी आरशासमोर ओठ घासत होती. "आई, हे जात का नाहीत गं?"

बायकोनं तिचा हात खाली घेतला. "राहू दे. आजोबांपासून हाका मारतायत बिचारे, आम्हीच ओ दिली नव्हती."