जळालेल्या गावाचं पान

मी रिटायर झाल्यावर माझ्या जागी कॉलेजात रशियन कादंबरी शिकवायला आलेली आमची शेजारीण बोचरा प्रश्न विचारण्याआधी नेहमी चष्मा पुसते. तिच्या वयात मी बालाघाटच्या भर मार्चच्या उन्हात शाल पांघरून, कादंबरीतल्या बर्फात मरणाऱ्या उमद्या अधिकाऱ्यासाठी रडत शिकवायची आणि स्वतःवरच खूश असायची.

परवा चष्मा पुसून ती म्हणाली, "आजी, त्या अधिकाऱ्यानं डोंगरातलं गाव जाळलं, त्या गावासाठी कोन रडलं?"

"ते पान परीक्षेला येत नव्हतं, बाई."

"मी तिथूनच सुरू करून राह्यली. पोरींनी पुस्तकच टाकून दिलं त? भेव वाटते मले."

आज ती तासावरून थेट माझ्याकडे आली. चष्मा पुसायचंही विसरली.

"कोनी रडलं नाही, आजी. पन बिरसाकडच्या, डोंगरातल्या गावाच्या पोरी पुस्तक वापसच देऊन नाही राह्यल्या."

माझ्या वर्गातल्या पोरी डोळे पुसून लगेच परत द्यायच्या.