भीमेकाठी एकच टिक

उदगीरहून बीदरला जाणारी बस सीमा ओलांडते तेव्हा विशेष काही घडत नाही. पाट्यांवरची अक्षरं गोल होतात, एवढंच. या वेळी मात्र फोनवर रेघा पूर्ण असूनही नकाशा उघडेना. माझी खटपट बघून शेजारच्या बाई म्हणाल्या, "कामून (कशाला) तरास करून घ्यायलाव? तिकडं भांडणं झालीत. नेट यायलंय, जायलंय." मी त्यासाठीच निघालेय, हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही.

इंटरनेट कुठे आणि कधी बंद पडलं हे नोंदवणं माझं काम. आम्ही लोकांच्या घरी तळहाताएवढी एक डबी ठेवतो. तिच्यात सिमकार्ड असतं आणि ती सारखी पुण्याला 'मी आहे' एवढंच कळवत राहते. कळवलं तर आमच्या पडद्यावर त्या गावाचा ठिपका हिरवा, नाही तर करडा. दंगल, पूर, तुटलेली तार, कशानेही तो करडा होतो. का झाला ते शोधायला माणूस पाठवावा लागतो. आई म्हणते, "दिवे गेले का बघायला एवढं शिकलीस!" तिचं अगदीच चूक आहे असं नाही.

बीदरला उतरले तर तांबड्या मातीचा चिखल आणि डोक्यावरून हवाई दलाच्या विमानांचा गडगडाट. इथली डबी एका बिदरीकाम करणाऱ्या चाचांच्या दुकानात आहे. काळ्या सुरईवर चांदीची तार ठोकता ठोकता ते म्हणाले, "बेटी, आमचं नेट पाहुण्यावानी हाय. कवा येतंय, कवा जातंय, विचारलं तर रागावतंय." डबी ठणठणीत होती. चाचांनी मला जबरदस्तीने चहा पाजला. सगळ्या प्रवासात मी हसले ते तेवढंच.

कलबुर्गीला एका सरकारी कचेरीत गेले. मला एवढंच हवं होतं, की नेट बंद ठेवायचा हुकूम नेमका कोणत्या तालुक्यांना होता. टेबलामागचे गृहस्थ अतिशय सभ्य होते. "बंद? आमच्याकडं तसं काही न्हाई मॅडम. असलंच तर ते वरून असतंय." वरून म्हणजे कुठून, असं विचारलं तर त्यांनी पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, अर्ज ईमेलने पाठवा. ईमेल जात नाही, नेट बंद आहे, असं मी म्हटल्यावर ते मनापासून म्हणाले, "मग सुरू झाल्यावर पाठवा की." मला इतका संताप आला की मी त्यांचे आभार मानून बाहेर पडले.

मुक्कामाला गाणगापुरात होते. लॉजमध्ये सांगली-कोल्हापूरकडची माणसं व्हरांड्यात फोन उंच धरून फिरत होती. एक पुजारी मला म्हणाले, "महाराजांचं दर्शन घ्यायला रेंज लागत न्हाई." त्यावर एक कोल्हापूरच्या वहिनी फणकारल्या, "पण पोचलो म्हणून सासूबाईंना फोटो पाठवायला लागते ना!" व्हरांड्यातले बाकीचे हसले. सकाळी भाकरी आणि शेंगदाण्याची झणझणीत चटणी खाऊन अफजलपूरची बस धरली.

पुढे फजिती झाली. मला जायचं होतं ते खेडं अफजलपूरच्या अलीकडे, भीमेच्या काठाला. नकाशा बंद, पाट्या कानडी. मी भलत्याच फाट्यावर उतरले आणि उसाच्या दोन भिंतींमधून चालत राहिले. पूर ओसरून आठवडा होऊन गेला होता, तरी वास तसाच होता. ऊस नदीकडून आडवा झाला होता आणि त्याच्या शेंड्यांना कुणाकुणाच्या घरातल्या चिंध्या लटकत होत्या. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्या अण्णांनी मला बसवून घेतलं. कुणाकडे जायचं ते सांगितल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं. "सुमित्राकडं? त्यांच्यात सुतक हाय, अक्का."

मला हे ठाऊक नव्हतं. मला फक्त एवढंच ठाऊक होतं की त्या घरातला ठिपका पुरापूर्वीपासूनच करडा आहे.

ओट्यावर एक म्हातारी बसली होती. ती सुमित्राची सासू, तिला घरात आत्याबाई म्हणतात. मी कोण हे कळल्यावर ती लगबगीने आत गेली आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आली. "तुमची वस्तू हाय म्हणून जपून ठिवलीय बघा. पाणी लागू दिलं न्हाई." ती आमची डबी होती.

ती कधी काढली, असं मी विचारलं. पुराच्या आधी भावकीतला एक म्हातारा माणूस गेला होता. सुतकात या घरी फोडणी देत नाहीत, टीव्ही लावत नाहीत. डबी टीव्हीशेजारीच होती. "टीवी बंद केली, अन् ह्यो हिरवा दिवा लुकलुक करायलाय. मेलेल्या घरी बरं दिसतंय का? मीच काढली." आत्याबाईंनी ती पुसून माझ्या हातात दिली.

ते सुतक फिटायच्या आत दुसरं लागलं, ते सुमित्राच्या नवऱ्याचं.

सुमित्रा मला मागच्या दारी घेऊन गेली. शेजारच्या घरून चहा आला, कारण सुतकाच्या घरचा पाहुण्याने घेऊ नये. तो तसाच निवत राहिला. नवऱ्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दोघं हातवाऱ्यांनी बोलायची. ती माहेरी असली की हातवाऱ्यांचे व्हिडिओ पाठवायची. त्या दिवशी ती नदीच्या वरच्या अंगाला, सोलापूरकडे माहेरी होती. तिकडे नेट होतं. धरणातून पाणी सोडल्याचा निरोप तिथे फोनवर आला. नवरा काठावरची मोटर वर काढायला जाणार हे तिला माहीत होतं.

तिने फोन काढून मला तो व्हिडिओ दाखवला. ती घाईघाईने दोन्ही हात लाटांसारखे हलवते, छातीवर हात ठेवते, मग वर बोट दाखवते. "पाणी यायलंय. माझी शपथ. वर या." खाली पाठवल्याची वेळ होती आणि वेळेशेजारी एकच टिक. दुसरी कधीच उमटली नाही. पाठोपाठ तिने शेजाऱ्यांनाही साधा फोन केला होता. ते पळत गेले तेव्हा काठावर कुणीच नव्हतं.

"अक्का, एकच सांगा. तवा इथलं नेट बंद होतं का?"

ती हे का विचारतेय ते मला लगेच कळलं नाही. तिनेच सांगितलं. "भावकी म्हणायलीय, मी उशिरा कळवलं. मी पाठवलं तवाच ते पाण्यात होते, फोन बी पाण्यात होता, म्हणून एकच टिक. पण नेट बंद असंल, तर ते तवा काठावर असतील. मी वेळेत पाठवलं असंल. व्हय का न्हाई?"

मी गावात दारोदार विचारलं. कुणी म्हणालं सकाळी होतं, दुपारी गेलं. कुणी म्हणालं, न्हाई, दुपारी तर मी सिनेमा बघायलो होतो. आसपासच्या गावांत आमची दुसरी डबी नाही. त्या दुपारी, त्या गावात नेट होतं की नव्हतं, हे सांगू शकणारी जगात एकच वस्तू होती आणि ती फडक्यात बांधून कपाटात ठेवलेली होती.

मी परत आले. "बंद होतं," एवढे दोनच शब्द बोलायचे होते. कुणी मला पुरावा मागितला नसता. माझ्या तोंडापर्यंत आले, आणि मी म्हणाले, "माहीत नाही. डबी लावलेली असती तर कळलं असतं." असं बोलणाऱ्या माझ्या जिभेची मला शिसारी आली. खोटं बोलायची हिंमत नसणं याला मी आजवर प्रामाणिकपणा म्हणत आले होते.

सुमित्राने ओट्याकडे पाहिलं. आत्याबाई तिथे बसून डबीची वायर गुंडाळत होत्या. "हळू बोला," ती म्हणाली. "आत्याबाईंला कळू देऊ नका. त्यांचा ल्योक होता."

निघताना डबी मी तिच्याकडेच ठेवली. तिने माझा नंबर घेतला. "कुठून कळलं तर सांगा. दुसऱ्या कुणाकडं लिहिलेलं असंल." मी हो म्हणाले. असं कुठेच लिहिलेलं नसतं, हे मला कचेरीतल्या पंख्याखालीच कळलं होतं.

सोलापूरच्या बसमध्ये सीमा ओलांडली आणि फोन थरथरायला लागला. अडलेले सगळे निरोप एकदम आले. आईचे, ऑफिसचे, कुणाच्या वाढदिवसाचे. पुण्यात साहेबांनी विचारलं, त्या गावाचं काय लिहायचं? आमच्याकडे कारणांचे ठरलेले शब्द आहेत: वीज, तार, बंदी, पूर. सुतक हा शब्द त्यात नाही. "घरगुती कारण" असं लिहून त्यांनी ते सगळे दिवस मोजणीतून काढून टाकले. आमच्या हिशेबी त्या गावात तेव्हा काहीच झालं नाही.

बंद केलेलं नेट पुन्हा सुरू होतं, लोक विसरतात, मीही पुढच्या गावाला जाते. इतकी वर्षं मला वाटायचं, आपण निदान साक्षीदार आहोत. आता तसं वाटत नाही.

परवा सुमित्राचा निरोप आला. तेरावा झाला म्हणून तिने डबी पुन्हा लावली होती. ठिपका हिरवा दिसत होता, नेट उत्तम चालू होतं. तिने लिहिलं होतं, "अक्का कळलं का काही." मी तो लगेच उघडला. तिच्या फोनवर दोन्ही टिका उमटल्या असतील, निळ्यासुद्धा झाल्या असतील. निरोप पोचला, वाचला, हे तिला दिसतंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही.