चहा थंड होतोय

आम्ही कोकणातून इस्रायलला आल्यावर, त्रेसष्ट साली बेर्शेबात एक हिंदी पिक्चर लागलं, तेव्हा बाबांनी आई आणि माझ्याबरोबर शेजारच्या रुमानियन बाईंनाही मॅटिनीला नेलं. बाईंना हिंदीचं एक अक्षरही कळत नव्हतं, पण पडद्याच्या बाजूला हिब्रू ओळी उमटायच्या. त्यांची पट्टी एक माणूस हाताने फिरवायचा. पडद्यावर कोणी बोललं की तो पुढची ओळ आणायचा.

मध्यंतरानंतर एका नोकराने मालकाला सांगितलं, "चहा थंड होतोय." पट्टीवर ती ओळ आली आणि तिथेच राहिली.

पुढच्याच प्रसंगात मुलगा कायमचा घर सोडून निघाला. तो बरंच बोलला. त्याची आई दोनच वाक्यं बोलली आणि त्याच्या सदऱ्याचं बटण शिवायला बसली. ती रडली नाही. दिग्दर्शकाने कॅमेरा तिच्या तोंडावर नेलाच नाही, हातांवर ठेवला. सुईत दोरा काही जाईना. सगळं थेटर मुसमुसत होतं आणि बाजूला हिब्रूत लिहिलेलं, चहा थंड होतोय.

बाबा चिडून शेजारच्या बाईंना खरे संवाद सांगायला वळले, तर त्या आमच्या आईच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देत होत्या.

खेळ सुटल्यावर बाबा तक्रार करायला तडक त्या पट्टीवाल्याकडे गेले. मीही मागोमाग गेले. त्याचे डोळे लालबुंद होते.

"अकराव्यांदा बघतोय," तो म्हणाला. "रोज ठरवतो, त्या सीनला खाली मान घालायची. पण तिचे ते हात दिसले की मला हँडल फिरवायचं सुचत नाही."

बाबांची तक्रार कुठे गेली कोण जाणे. त्यांनी खिशातला रुमाल काढून त्याला दिला. रुमाल आधीच चिंब होता, हे दोघांच्याही लक्षात आलं, तरी त्याने तो तसाच डोळ्यांना लावला.

बाहेर बाई नाक पुसत उभ्या होत्या. "काय आई होती," त्या म्हणाल्या. "मुलगा चाललाय, आणि ती एवढंच म्हणते, चहा थंड होतोय. माझी आईसुद्धा अशीच होती."

"अहो, ते वाक्य मुळात नोक..." बाबांनी सुरुवात केली. आईने त्यांच्या दंडाला चिमटा काढला.

"कोकणातल्या आयासुद्धा तश्शाच," बाबा म्हणाले आणि बसच्या रांगेकडे चालू लागले.