सव्वाचार अँपिअर

खरं सांगू? या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी वाचतो ते नावं ठेवायलाच. बत्तीस वर्षं एकलहऱ्याला पॉवर प्लँटमध्ये टेस्टिंगला होतो. मीटर दाखवेल ते खरं, बाकी सगळे मनाचे खेळ, असं मानणारा माणूस. आजही तसाच आहे... फक्त एक रीडिंग आहे, त्याचं काय करायचं ते कळत नाही. म्हणून लिहितोय.

आम्ही जेलरोडला राहतो, तळमजल्यावर. दारासमोरच पार्किंग. बायको मंगल, माहेर वणीकडचं. तिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. सोम-बुध-शुक्र डायलिसिस, द्वारका चौकाच्या पुढे एका हॉस्पिटलात, दुपारी बाराचा स्लॉट. चार वर्षं हेच चाललेलं. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. घरी आली की भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि मी खिचडी टाकायचो. दोघंही थकलो होतो, पण सांगणार कोणाला?

त्यात महिन्याभरापासून गाडीने डोक्याला ताप दिला. रात्री चांगली उभी केलेली गाडी, सकाळी चावी फिरवावी तर नुसती टकटक. नवी बॅटरी टाकली, आठवड्यात तीही बसली. दर वेळी धावपळ करून रिक्षा शोधायची. सलीमभाई, आमचा नेहमीचा ऑटो इलेक्ट्रिशियन, दोनदा येऊन गेला. "साहेब, चार्जिंग बरोबर हे. उभ्या गाडीत काहीतरी करंट खातंय." म्हटलं, ते मलाही कळतंय रे बाबा, पण काय?

शेवटी एका शुक्रवारी सकाळी मीच बसलो. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून मध्ये मीटर लावला. दाराच्या लॉकमध्ये स्क्रूड्रायव्हर अडकवला, म्हणजे उघडं दार गाडीला बंद वाटतं. मग अर्धा तास थांबलो, कारण गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स झोपायला वेळ घेतात. रीडिंग आलं ०.०३ अँपिअर. एकदम नॉर्मल. एवढ्याने महिनाभरातसुद्धा बॅटरी उतरायची नाही.

मंगल तयार होऊन पायरीवर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. म्हणाली, "अहो, आज नको ना जाऊया. लय थकले मी."

महिनाभर ती अधूनमधून हे म्हणत होती. मी नेहमीसारखं "काहीतरीच काय बोलतेस!" म्हणालो आणि मीटरकडे पाहिलं. ४.२५.

सव्वाचार अँपिअर! मी फ्यूजला हात घालेपर्यंत परत ०.०३. कुठेतरी लूज काँटॅक्ट असणार, म्हटलं. तेवढ्यात सलीमभाईही आला. आता टेस्टिंगवाल्याची खोड बघा... रीडिंग एकदा आलं की ते परत आणून बघायचं.

"मंगल, मघाशी काय म्हणालीस? परत म्हण बरं."

"काय? आज नको?"

०.०३.

"असं नाही गं. मघासारखं म्हण."

तिने माझ्याकडे असं काही बघितलं ना... "मी बल्ब हाय का तुमचा? नको म्हटलं ना! खरंच नको हो आता. नाय होत." आणि रडायला लागली. चार वर्षांत पहिल्यांदा.

४.२५. या वेळी खाली येईना.

लिहायला लाज वाटते, पण ती रडत होती आणि मी फ्यूज उपसत होतो. एकेक करून सगळे काढले. ४.२५. अल्टरनेटरची वायर काढली, मग स्टार्टरची. शेवटी पॉझिटिव्हची मेन केबलच बॅटरीवरून उचलली. आता करंट जायला वाटच नव्हती. तरी ४.२५. सलीमभाईने स्वतःचा मीटर लावला, तोही तेच दाखवायला लागला. "साहेब, हे होऊच शकत नाय," तो म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला.

मी पक्कड खाली ठेवली. तिच्या शेजारी जाऊन बसलो. विचारलं, "खरंच नको?"

तिने मान हलवली. नको.

"बरं. मग नको."

"साहेब..." सलीमभाईने हाक मारली. मीटर शून्यावर होता.

त्या दिवशी आम्ही गेलो नाही. नंतरही नाही. डॉक्टर आधी मला रागावले, मग मंगलशी बराच वेळ बोलले, आणि त्यांनीही मान्य केलं. त्या शुक्रवारी तिने कपभर चहा प्यायला, न मोजता. आणखी अर्धा मागितला. नवव्या दिवशी सकाळी ती गेली. घरात, माझा हात धरून.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. सलीमभाईकडेही नाही. गाडी आता पंधरा-पंधरा दिवस उभी असते आणि अर्ध्या सेल्फला चालू होते. बॅटरी तीच आहे.

गेल्या रविवारी सगळं परत मांडलं. मीटर, स्क्रूड्रायव्हर, अर्धा तास. मग पायरीवर बसलो, तिच्या जागेवर, आणि म्हणालो, "मंगल, लय थकलो गं मी." रीडिंगसाठी नव्हतो म्हणालो, खरंच म्हणालो.

बराच वेळ बघत होतो. ०.०३.